मोबाइलमधला गेम : वेळ खाणारा, पैसे खाणारा आणि शिकवणारा

जुन्नर : संध्याकाळी डेअरीवर दूध घालून घरी आलेल्या माणसाला ओट्यावरच दिसतं ते मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेलं पोरगं. "ठेव तो गेम, पुस्तक घे हातात," हे वाक्य ओतूरपासून मंचरपर्यंत कुठल्या घरात ऐकू येत नाही, ते शोधावं लागेल. पोरगं दोन मिनिटं पुस्तक धरतं. बाप आंघोळीला गेला की परत मोबाइल.

आता दुसरं चित्र. बचत गटातली एखादी ताई ड्रोन चालवायच्या प्रशिक्षणाला जाते. तिथं गेल्या गेल्या तिच्या हातात ड्रोन देत नाहीत. आधी नियम शिकवतात, मग लॅपटॉपसमोर बसवतात. हातात दोन दांड्यांचा रिमोट आणि समोर पडद्यावर एक खोटं ड्रोन. ताई दांडी जरा जास्त ढकलते, ड्रोन झाडावर जाऊन आपटतं. एक बटण दाबलं की ड्रोन पुन्हा धडधाकट, पुन्हा जमिनीवर उभं. दिवसभर हेच. लांबून बघणाऱ्याला वाटेल, बाई गेम खेळत बसलीय. आणि ते खोटंही नाही, कारण दिसायला आणि चालायला तो गेमच असतो. फरक एवढाच की इथं त्याला प्रशिक्षण म्हणतात आणि ते झाल्याशिवाय खरं यंत्र हातात मिळत नाही.

मग एकाच पडद्यावर पोराचा वेळ वाया जातो आणि ताईचं शिक्षण होतं, हे कसं? सगळेच गेम वाईट म्हणून मोबाइल कपाटात ठेवणारे आणि "गेममधून मुलं हुशार होतात" असं ऐकून मोबाइल पोराच्या हवाली करणारे, दोघांनीही हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

ड्रोन आणि उलटी ट्रॉली

ड्रोनच्या रिमोटला दोन दांड्या असतात. सर्वसाधारण पद्धतीत डाव्या दांडीनं ड्रोन वर-खाली होतं आणि जागच्या जागी तोंड फिरवतं. उजव्या दांडीनं ते पुढं-मागं आणि आजूबाजूला सरकतं. ऐकायला सोपं आहे. खरी गंमत तेव्हा होते, जेव्हा ड्रोन वळून आपल्याकडे तोंड करून यायला लागतं. आता त्याचं उजवं ते आपलं डावं. दांडी उजवीकडे ढकलली की ड्रोन आपल्या डाव्या हाताला जातं. नवखा माणूस इथं हमखास गोंधळतो, घाबरून दांडी आणखी ढकलतो आणि ड्रोन खाली.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून रिव्हर्स घेणाऱ्याला हे लगेच कळेल. ट्रॉली डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं. हे कोणी कितीही वेळा सांगितलं तरी सांगून येत नाही. दहा वेळा ट्रॉली वाकडी झाली, एकदा बांधावर चढली, की मग हात आपोआप बरोबर फिरायला लागतो. डोक्याला कळणं आणि हाताला कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ट्रॉली बांधावर चढली तर फार तर कोणीतरी हसेल. फवारणीचं ड्रोन पडलं तर काय? केंद्र सरकारच्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटाला ड्रोन आणि त्याच्या साहित्याच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये मदत ठरवलेली आहे. म्हणजे एका संचाची किंमत दहा लाखांच्या घरात जाते. उरलेली रक्कम गटाला कर्जानं उभी करायची. देशभरात सुमारे १५ हजार गटांसाठी आणलेल्या या योजनेला १,२६१ कोटी रुपयांची तरतूद मंजूर झाली. गटातल्या एका सदस्येला १५ दिवसांचं प्रशिक्षण मिळतं. त्यातले ५ दिवस ड्रोन चालवण्याचे आणि १० दिवस शेतात खत-औषध फवारण्याचे.

इतक्या किमतीच्या वस्तूवर हात बसवायचा तर चुका कुठंतरी कराव्याच लागणार. त्या चुका फुकटात करायची जागा म्हणजे हा पडद्यावरचा खेळ. याला सिम्युलेटर म्हणतात. यंत्र खोटं, सराव खरा.

आपल्याकडं ड्रोनला काम आहे, हे वेगळं सांगायला नको. डोक्यावर गेलेल्या उसात माणसाला शिरून फवारता येत नाही. आणि इथल्या उसात आत बिबट्या बसलेला असू शकतो, ते आणखी वेगळंच.

जत्रेतल्या पाळण्यापासून विमानापर्यंत

खेळातून प्रशिक्षण ही मोबाइल आल्यावर निघालेली टूम नाही. अमेरिकेत एडविन लिंक नावाचा एक तरुण होता. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि पियानो बनवण्याचा कारखाना. ऑर्गन म्हणजे आपल्या बाजाच्या पेटीचा थोरला भाऊ, तोही हवेच्या भात्यावर वाजतो. लिंकला विमान चालवायला शिकायचं होतं, पण शिकवणी महाग. त्यानं कारखान्यातल्याच भात्यांचा उपयोग करून १९२९ मध्ये एक छोटं लाकडी विमान बनवलं. ते जमिनीवरच राहायचं, पण आत बसून दांडी हलवली की खऱ्या विमानासारखं कलायचं, वळायचं.

सुरुवातीला ते घेतलं कोणी? जत्रेसारख्या करमणुकीच्या बागांनी. लोक पैसे देऊन त्यात बसायचे, हसायचे, उतरून जायचे. पुढं १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्कराकडे टपाल वाहून नेणाऱ्या विमानांचं काम आलं. ढगात, अंधारात, बाहेरचं काही दिसत नसताना फक्त काट्यांकडे बघून विमान चालवायची सवय वैमानिकांना नव्हती. थोड्याच आठवड्यांत अनेक वैमानिक अपघातात गेले. तेव्हा लष्करानं लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिकांचे हात याच खोट्या विमानात तयार झाले. आज प्रवासी विमान चालवणारा कोणताही वैमानिक सिम्युलेटरमधून गेल्याशिवाय त्या खुर्चीवर बसत नाही.

गाडी चालवण्याच्या बाबतीतही आपल्या देशात हेच येऊ घातलंय. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार सरकारमान्य चालक प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आणि चाचणीचा स्वतंत्र ट्रॅक असणं बंधनकारक आहे. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम जास्तीत जास्त चार आठवड्यांत २९ तासांचा ठेवलाय. अशा केंद्रात पास झालेल्याला लायसन्ससाठी आरटीओत पुन्हा चाचणी द्यावी लागत नाही. नाशिक हायवेवर पिकअप घेऊन उतरणाऱ्या पोरानं आधी पडद्यावर शंभर वेळा ब्रेक चुकवलेला बरा.

डॉक्टरांचंही एक उदाहरण नेहमी दिलं जातं. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करताना डॉक्टर पोटाकडे नाही, पडद्याकडे बघत असतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ३३ डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यात पूर्वी आठवड्याला तीन तासांपेक्षा जास्त व्हिडिओ गेम खेळलेल्यांच्या हातून सरावाच्या कामात ३७ टक्के कमी चुका झाल्या आणि त्यांचं काम २७ टक्के लवकर उरकलं. ऐकून पोरं खूश होतील. पण ३३ माणसं म्हणजे फार नाहीत. शिवाय गेममुळे हात चांगला झाला की मुळात हात चांगला म्हणून गेम आवडायचा, हे अशा पाहणीतून ठरत नाही. गेम खेळून कोणी डॉक्टर होत नाही, हे तर सांगायलाच नको.

गेम तेच शिकवतो, जे तो करायला लावतो

या सगळ्यात एक गोष्ट सारखी आहे. पडद्यावर हात आणि डोकं जे काम करतं, तेच काम खऱ्यात करायचं असतं. ड्रोनची दांडी ती दांडीच, ब्रेक तो ब्रेकच. चूक झाली की लगेच कळते, शिक्षा नसते आणि पुन्हा करून बघता येतं. बस, शिकवणाऱ्या गेममागचं गुपित एवढंच आहे.

याच्या उलट बाजूचं उदाहरण म्हणजे २००९ मध्ये फेसबुकवर आलेला फार्मविल. नावात शेती, पडद्यावर शेती. नांगरायचं, पेरायचं, काढायचं. जगभरात कोट्यवधी लोकांनी ती शेती केली. त्यात स्ट्रॉबेरी चार तासांत तयार व्हायची. वेळेवर काढायला आलं नाही तर पीक वाळून जायचं. वाफसा नाही, करपा नाही, नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन भावाची वाट बघत उभं राहणं नाही. मग त्यातून माणूस काय शिकला? चार तासांनी न चुकता मोबाइल किंवा संगणक उघडायला शिकला. कारण गेम त्याच्याकडून खऱ्या अर्थानं तेवढंच करून घेत होता. त्याचं चित्र शेतीचं होतं, काम हजेरी लावण्याचं होतं.

मुलांच्या बऱ्याच "अभ्यासाच्या" गेमचंही असंच असतं. गाडी पळतेय, मध्येच एक गणित येतं, उत्तर दिलं की गाडी पुढे. पोराचं लक्ष गाडीत. गणित म्हणजे मधला गतिरोधक. चारातला पर्याय अंदाजानं ठोकला तरी कधीतरी बरोबर येतोच. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडूच, तशातला प्रकार. खेळ आणि अभ्यास एकमेकांना नुसते चिकटवलेत, मिसळलेले नाहीत.

आपल्याकडे याचा फार जुना दाखला आहे. आळ्याला ज्या रेड्याची समाधी आहे, त्याच्या मुखी वेद वदवले ते ज्ञानेश्वर महाराज. परंपरेनं त्यांच्याच नावाशी एक खेळ जोडला जातो, मोक्षपट. आजच्या सापशिडीचा हा पूर्वज. कवड्या टाकायच्या आणि घरं चढत जायचं. शिडी लागली तर तो सद्गुण, साप गिळला तर तो काम, क्रोध, लोभ यापैकी काहीतरी. शेवटचं घर मोक्षाचं. म्हणजे धर्म-नीती शिकवायला खेळ वापरायची कल्पना मराठी मुलखाला नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस असला खेळ इंग्लंडात गेला आणि होता होता त्यातले गुण-दुर्गुण गळून नुसते साप आणि शिड्या उरल्या.

पण खरं सांगायचं तर शिकवणारा खेळ म्हणून त्यात एक उणीव आहे. लोभाच्या सापावर जायचं की नाही, हे खेळणारा ठरवत नाही, कवड्या ठरवतात. घरांची नावं वाचून, थोरामोठ्यांनी शेजारी बसून गोष्टी सांगितल्या तर मुलाच्या डोक्यात काही राहील. नुसता खेळून नाही. म्हणजे खेळाइतकंच शेजारी कोण बसलंय यालाही महत्त्व आहे. हे मोबाइललाही तंतोतंत लागू पडतं.

वाचायला शिकवणारे खेळ

शाळकरी मुलांसाठी खेळाचा सगळ्यात उघड फायदा दिसतो तो वाचनात. गूगलनं मार्च २०१९ मध्ये भारतात "बोलो" नावाचं ॲप आणलं. २०२० मध्ये त्याचं नाव "रीड अलाँग" झालं आणि त्यात मराठीसह आणखी भाषा आल्या. पडद्यावर गोष्ट दिसते, मूल मोठ्यानं वाचतं, ॲपमधली दिया नावाची मुलगी ऐकत असते. शब्द चुकला की ती तो म्हणून दाखवते, बरोबर आला की चांदणी मिळते. मधेमधे शब्दांचे खेळ. गोष्टी एकदा डाउनलोड केल्या की इंटरनेट लागत नाही. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकर-आहुप्याच्या बाजूला रेंजसाठी टेकाडावर चढावं लागतं अशा वाड्या आजही आहेत. तिथं ही गोष्ट लहान नाही.

उत्तर प्रदेशातल्या २०० गावांमध्ये "असर" सर्वेक्षण करणाऱ्या संस्थेच्या मदतीनं हे ॲप तपासलं, तेव्हा तीन महिन्यांत ६४ टक्के मुलांचं वाचन सुधारलं, असं कंपनीनं सांगितलं. कंपनीनं स्वतःच्या मालाबद्दल सांगितलेला आकडा आहे, तो तेवढ्याच मिठाबरोबर घ्यावा. पण यातली रचना बरोबर आहे. वाचायला शिकायचं असतं आणि मुलाला प्रत्यक्ष वाचावंच लागतं. बोटानं टिचक्या मारून सुटका नाही.

याहून मोठी परीक्षा आफ्रिकेतल्या टांझानिया देशात झाली. ज्या गावांमध्ये बहुतेक मुलं शाळेतच गेली नव्हती, अशा सुमारे १७० गावांतल्या जवळपास तीन हजार मुलांना टॅब्लेट दिले. चार्जिंग सौरऊर्जेवर, शिक्षक नाही, फक्त खेळ-गाणी-गोष्टी असलेलं सॉफ्टवेअर. जगभरातल्या संघांमधून निवडलेल्या पाच संघांची सॉफ्टवेअर त्यात होती आणि त्यातला चिंपल हा संघ आपल्या बंगळुरूचा. सुरुवातीला ९० टक्क्यांहून जास्त मुलांना त्यांच्या स्वाहिली भाषेतला एकही शब्द वाचता येत नव्हता. १५ महिन्यांनी असं प्रमाण निम्म्यावर आलं. मे २०१९ मध्ये दोन संघांना एक कोटी डॉलरचं बक्षीस वाटून दिलं गेलं.

हे मोठं यश आहे, यात शंका नाही. पण उलट बाजूनं वाचलं तर सव्वा वर्ष टॅब्लेट हातात असूनही जवळपास निम्म्या मुलांना एकही शब्द वाचता आला नाही. शाळाच नाही तिथं टॅब्लेट देवासारखा. पण जिल्हा परिषदेची शाळा आणि गुरुजी आहेत, तिथं तो त्यांच्या जागी बसवायचा विचार कोणी करू नये.

मुलांच्या हाती संगणक दिला की ती आपापली शिकतात, हा प्रयोग आपल्याही देशात आणि राज्यात होऊन गेलाय. १९९९ मध्ये दिल्लीतल्या कालकाजी भागात सुगत मित्रा यांनी झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत एक संगणक बसवला आणि मुलांना मोकळं सोडलं. पुढे कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यातही असे संगणक बसवले गेले. मुलं कोणी न शिकवता माउस चालवायला, फाइल उघडायला शिकली, त्याचा जगभर गाजावाजा झाला. पण जाऊन पाहणाऱ्या काही अभ्यासकांना वेगळंही दिसलं. मुलांचा पुष्कळसा वेळ चित्र रंगवण्यात आणि साध्या गेममध्ये जात होता. थोराड पोरं पुढं सरसावायची आणि लहानी मागं राहायची. ज्यांच्या घरात एकच मोबाइल आणि तीन भावंडं आहेत, त्यांना हे समजावून सांगायची गरज नाही.

पैसे लावायचा गेम हा गेम नव्हेच

गेम म्हटलं की गावात पोटात गोळा येतो, त्याचं कारण वेगळंच आहे. रमी, टीम लावणं, रंग ओळखणं, उडत्या विमानावर पैसे. सोसायटीचं कर्ज, दुधाचा पगार त्यात गेल्याच्या गोष्टी पारावर दबक्या आवाजात बोलल्या जातात. हे प्रकार "कौशल्याचा खेळ" म्हणून जाहिरातीतून विकले गेले. त्यामुळे खऱ्या कौशल्याच्या खेळाचंही नाव खराब झालं.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं यावर स्वतंत्र कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्याला मंजुरी दिली. पैसे लावून आणखी पैसे मिळवायच्या आशेनं खेळायचा कोणताही ऑनलाइन गेम, मग तो नशिबाचा असो की कौशल्याचा, चालवायला बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार धरलेलं नाही. पैसे न लावता करमणुकीसाठी किंवा कौशल्य वाढवण्यासाठी असलेले गेम आणि ई-स्पोर्ट्स यांना याच कायद्यात वेगळं ठेवून प्रोत्साहन द्यायचं म्हटलंय.

कायदा आला म्हणून टेलिग्रामवरून लिंक पाठवणारे थांबतात, असं नाही. "शिका आणि कमवा" असं लिहिलेल्या ॲपपासून विशेष सावध राहिलेलं बरं. जो गेम पैसे भरायला सांगतो आणि पैसे काढता येतील असंही सांगतो, तो शिकवण्यासाठी बनवलेला नाही. फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळायची आशा कमी.

घरात गेम कसा पारखावा

पहिली परीक्षा सोपी आणि फुकट आहे. मुलाला दहा-पंधरा मिनिटं गेम खेळू द्यायचा, मग मोबाइल बाजूला ठेवून तेच काम पाटीवर किंवा वहीत करायला सांगायचं. बेरजेचा गेम असेल तर पाच बेरजा. वाचनाचा असेल तर पुस्तकातला एक परिच्छेद. इंग्रजीचा असेल तर घरातल्या पाच वस्तूंची नावं. महिनाभर आठवड्यातून एकदा हे केलं की गेम शिकवतोय की नुसता चांदण्या वाटतोय, ते कोणत्याही तज्ज्ञाशिवाय कळतं. आईचं शिक्षण चौथीपर्यंत झालेलं असलं तरी ही परीक्षा तिला घेता येते.

दुसरं, इंटरनेट बंद करून गेम उघडून बघावा. बंद इंटरनेटवरही चालत असेल तर जाहिराती आणि अनोळखी माणसांचे मेसेज दोन्ही टळतात. पाढ्यांच्या गेमला कॉन्टॅक्ट आणि एसएमएस बघायची परवानगी कशाला हवी, हा प्रश्न विचारावा. उत्तर मिळत नसेल तर ॲप काढून टाकावं. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये खरेदीसाठी पासवर्ड लावून ठेवता येतो. फोनच्या सेटिंगमधल्या डिजिटल वेलबीइंगमध्ये प्रत्येक ॲपला रोजच्या वेळेची मर्यादा घालता येते. अर्धा तास ठरवला की अर्ध्या तासानं ॲप आपोआप बंद. भांडण पोराचं आणि फोनचं, आई-बापाचं नाही.

आणि जमेल तेव्हा शेजारी बसावं. "हे असं का झालं? आता काय करणार?" एवढं विचारलं तरी पोराला विचार करून उत्तर द्यावं लागतं. शाळेत गेम वापरणाऱ्या गुरुजींनाही हेच लागू आहे. खेळ संपल्यावरच्या पाच मिनिटांच्या गप्पांमध्ये निम्मं शिकणं होतं. त्या गप्पा न होता घंटा वाजली, तर तास मजेत गेला एवढंच.

मोबाइल घरात कोणाच्या हातात असतो, हाही प्रश्न आहे. ग्रामीण भारतातल्या मुलांची पाहणी करणाऱ्या "असर २०२४" अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यातल्या ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. फोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के. भावाला गेम खेळायला फोन मिळतो आणि बहिणीला अभ्यासालाही मागून घ्यावा लागतो, असं ज्या घरात असेल, तिथं गेम चांगला की वाईट ही चर्चा नंतर करता येईल.

पडद्यावर न येणाऱ्या गोष्टी

ड्रोनकडे पुन्हा येऊ, कारण तिथं गावच्या तरुणांना आणि बचत गटांना कमाईची संधीही आहे आणि फसण्याची जागाही. सिम्युलेटरवर हात बसतो, पण खऱ्या रानातला वारा तिथं नसतो. द्राक्षाच्या मांडवाच्या तारा, बांधावरून गेलेली विजेची लाइन, तापलेली बॅटरी, टाकीतलं औषध कमी होत गेल्यावर हलकं होणारं ड्रोन, शेजारच्या रानात उडून जाणारे तुषार, औषधाचं प्रमाण, हातमोजे-मास्क हे सगळं मातीत उभं राहूनच शिकावं लागतं. म्हणूनच १५ दिवसांतले १० दिवस फवारणीसाठी ठेवलेत.

ड्रोन उडवायचे गेम मोबाइलवरही मिळतात. नाद लागण्याआधी चव घ्यायला ठीक. पण काचेवर बोट फिरवणं आणि दांडी धरणं यात फरक आहे. त्या गेममध्ये कितीही गुण मिळाले तरी त्यावर फवारणीचं ड्रोन उडवता येत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे त्यासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. वय १८ ते ६५, शिक्षण किमान दहावी पास आणि डीजीसीएची मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण. हे प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातही असं प्रशिक्षण केंद्र आहे. "घरबसल्या ऑनलाइन ड्रोन लायसन्स" असं कोणी सांगत असेल तर पैसे देण्याआधी त्या संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, ते विचारावं. बचत गटांनी पंचायत समितीतल्या उमेद अभियानाच्या कक्षात, तर शेतकऱ्यांनी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी. जाताना दहावीचं मार्कलिस्ट आणि आधार कार्ड सोबत असू द्यावं.